आंबुशी आणि भिंतवेल

बायकांच्या पाठीवर झाडपाला काढता काढता माझे डोळे अधू झाले, पण हात अजून कापत नाही. बढाई नाही मारत. क्योतोत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. रंगारी काळं रेशीम रंगवतो तेव्हा पाच ठिकाणी नाण्याएवढी वर्तुळं पांढरी सोडतो. मानेखाली एक, बाह्यांवर मागून दोन, छातीवर दोन. त्या वर्तुळांत ज्याच्या त्याच्या घराण्याचं पान, फूल, झाड काय असेल ते बारीक कुंचल्यानं शाईत भरायचं, हा आमचा धंदा. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला कामाला बसवलं आणि वर एक घरजावई आणला. जावयाचा हात चालेल अशी त्यांना आशा. जावयाचे पायच सायकलवर बरे चालतात, हे सहा महिन्यांत कळलं. तेव्हापासून आमचे हे गठ्ठे आणतात-पोचवतात आणि मी बसते.

लोकांना वाटतं कुळचिन्ह म्हणजे शोभा. चार दिवस बरे आले की येतात, "शिगे-सान, आमच्यासाठी एखादं शुभ झाड निवडा ना." जशी काही मी भाजीवाली! अहो, झाड आपण निवडायचं नसतं, ते मागून चालत आलेलं असतं. योद्ध्यांच्या घराण्यांत कॅमेलिया चालत नाही, कारण ते फूल पाकळी-पाकळीनं गळत नाही, मुंडकं उडवल्यासारखं अख्खं खाली पडतं. एका तेलवाल्यांच्या चिन्हात विस्टेरियाचे घोस खाली लोंबायचे. दुकान बुडालं तेव्हा त्यांनी खापर घोसांवर फोडलं आणि माझ्याकडून ते उलटे, वर तोंड केलेले काढून घेतले. दुकान काही वर आलं नाही. घोस तेवढे आभाळाकडे बघत बसलेत.

भिंतवेल एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून ती व्यापाऱ्यांना प्रिय. गेइशांनाही प्रिय, का ते मी सांगायला नको. आणि आंबुशी, ती अंगणातली तीन पानांची आंबट आंबुशी, ती तर बडीबडी घराणी मिरवतात. दिसायला तण. पण उपटा, जाळा, वरून फरशी घाला, पावसाळा आला की फटीतून डोकं वर काढतेच. वंश खुंटू नये असं ज्यांना वाटतं त्यांची ती.

यात बायकांची गोष्ट आणखी वेगळी. तोक्योकडच्या बायका नवऱ्याच्या घरचं चिन्ह लावतात म्हणे. लावोत बापड्या. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे बाईचं आडनाव नवऱ्याचं, घर नवऱ्याचं, मेल्यावर थडगंसुद्धा नवऱ्याच्या घरचं, पण पाठीवरचं चिन्ह आईचं. आईला तिच्या आईचं, तिला तिच्या आईचं. घरं कितीही बदलली तरी ते बाईबरोबर जातं. आणि जिला मुलगी नसते तिच्यापाशी संपतं.

तर काजितानींच्या घरच्या दोन काळ्या किमोनोंची ही हकिकत. युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. काजितानी म्हणजे कागदाचे व्यापारी. चिन्हांचे आमचे छाप कापायचा जाड कागदही त्यांच्याकडूनच यायचा. घरात पुरुषमाणूस उरला नव्हता. मुलगा लढाईवर गेला तो गेलाच. मागे तिघी. म्हातारी सासू इसो-सान, वय एक्क्याऐंशी, नाकावर माशी बसू न देणारी. सून मित्सुए, जी दुकान चालवायची आणि बोलायची इतकं हळू की शेजारी बसलेल्यानं कान द्यावा. आणि तामाकी, बावीस वर्षांची, उंच, खळखळून हसणारी, जिचं लग्न ठरलं होतं ओत्सुच्या एका चहावाल्यांकडे.

मित्सुए आणि तामाकी आमच्याकडे यायच्या त्या जोडीनंच. एकीनं वाक्य सुरू करायचं, दुसरीनं संपवायचं. दोघींची मान एकाच बाजूला कलायची. कागदाचा गठ्ठा ठेवून झाला की दारातच वाद, "आई, छत्री तू धर, तुला सर्दी आहे," "मला कुठली सर्दी, तूच रात्रभर शिंकत होतीस." आमचे हे म्हणायचे, "या दोघींना एक छत्री पुरते आणि वादही पुरतो."

लग्न तेरा दिवसांवर आलं तेव्हा आमच्या ह्यांनी रंगाऱ्याकडून काजितानींचे दोन गठ्ठे आणून माझ्यापुढे ठेवले. एक शुभकार्याचा काळा किमोनो, खाली काठाला बगळे आणि पाइनच्या झाडांची नक्षी असलेला. दुसरा दुखवट्याचा, नखशिखान्त काळा. मुलीच्या लग्नातच आईबापांनी दोन्ही करून द्यायचे असतात. दुखवट्याचा मागाहून करायला घेतला तर कुणाच्या मरणाची वाट बघताय असं होतं, म्हणून तो आनंदाच्या दिवसांतच उरकून टाकायचा आणि पेटीच्या तळाशी घालायचा.

मीही नेहमी दुखवट्याचाच आधी घेते. नक्षीचं रेशीम जपावं लागतं, साधं काळं कसं पटकन होतं. गठ्ठ्याच्या दोऱ्याला चिठ्ठी बांधलेली होती. 'काजितानी, तामाकीसाठी' एवढं वाचलं आणि दोरा सोडून बाजूला टाकला. पुढे वाचायची गरजच वाटली नाही. गेल्याच वर्षी मित्सुएच्या करड्या किमोनोवर मी आंबुशी काढली होती. मुलीला आईचं. त्यात वाचायचं काय?

दोन दिवस खाली मान घालून बसले. बांबूच्या कंपासनं गोलाई आखायची, तीन पानांची टोकं मधोमध जुळवायची, मग प्रत्येक पानात केसाएवढ्या रेषा. बायकांच्या चिन्हाला बाहेरचं कडं नसतं. पान उघडं, एकटं असतं. पाचही आंबुश्या अशा उतरल्या की मीच बघत बसले. आमच्या ह्यांनी डोकावून "छान झालंय" म्हटलं, तेव्हा "तुम्हाला काय कळतंय," असं म्हणून मी त्यांना चहा ठेवायला पाठवलं. खरं तर आवडलं होतं मला त्यांचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी मित्सुए एकटीच आली. लाल चवळीचं गोड सारण भरलेल्या तांदळाच्या वड्या घेऊन आली होती, माझ्या आवडीच्या. मी मोठ्या तोऱ्यात दुखवट्याचं रेशीम तिच्यापुढे उलगडलं.

ती वाकली आणि तशीच राहिली.

"शिगे-सान," ती म्हणाली, "हे माझं आहे."

"तुमचंच की. मग कुणाचं असणार? पोरगी तुमची, चिन्ह तुमचं. शाई सुकलीय, खुशाल हात लावा."

तिनं हात लावला नाही. "चिठ्ठी वाचली नाहीत का तुम्ही?"

चिठ्ठी टोपलीत पडली होती. उचलून उजेडात धरली. वर दुकानातल्या कारकुनाचं अक्षर, 'काजितानी, तामाकीसाठी.' आणि खाली जाड कुंचल्यानं, म्हातारीच्या ठसठशीत अक्षरात, 'दोन्हींवर भिंतवेल. नाओची. — इसो.'

नाओ! नाओ म्हणजे तामाकीची जन्मदाती. पोर दोन वर्षांची असताना क्षयानं गेली. मित्सुए त्या घरात आली ती वर्षभरानं, दुसरी बायको म्हणून. हे सगळं मला ठाऊक होतं हो! नाओच्या लग्नातली भिंतवेल माझ्या बाबांनी काढली होती आणि शाई मी उगाळली होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या वेळी आठवणं वेगळं. इतकी वर्षं त्या दोघींना दारात छत्रीवरून भांडताना बघितलं, आणि ही सावत्र, हे माझ्या डोक्यातून केव्हा पुसलं गेलं ते मलाही कळलं नाही.

"मेले मी," मी म्हटलं. "माझी चूक. शंभर टक्के माझी."

मित्सुएचा चेहरा कागदासारखा झाला होता. "खरवडून निघेल ना? निघेल ना, शिगे-सान?"

"शाई आहे ती बाई, रेशमात शिरलेली. खरवडून वर पांढरा रंग देता येतो, त्यावर वेल काढता येते," आमचे हे चहा घेऊन आत येत म्हणाले, आणि माझी नजर बघून कपबश्या खाली ठेवून आल्या पावली परत गेले.

"येतं खरवडता," मी म्हटलं. "पण तिथलं सूत विरतं. उजेडाकडे धरलं की दिसतं खाली दुसरं काही होतं ते. आणि तुमच्या सासूबाईंच्या बहिणी रुखवत बघायला येणार चार दिवसांनी. त्या काय किमोनोची घडी बघून जाणार आहेत? उजेडातच धरणार. नवं रेशीम म्हणाल तर रंगारी वीस दिवस घेतो."

मित्सुए खालीच बसली. आणि मग ती बोलायला लागली, आणि इतकी वर्षं जिचा आवाज मी जेमतेम ऐकला होता, ती थांबेना. "सासूबाईंना काय वाटेल सांगू? वाटेल, मुलगा गेला, माझी नजर अधू झाली, आता पोरगी घराबाहेर चाललीय म्हटल्यावर हिनं डाव साधला. शिगेला हाताशी धरून आपलं तण पोरीच्या पाठीवर लावून घेतलं. एकोणीस वर्षं मी त्या घरात एक पाऊल वाकडं टाकलं नाही. दर महिन्याला नाओ-सानच्या तिथीला पहिला भात तिच्या फोटोपुढे मी ठेवते. तामाकीला बोलता यायला लागलं तेव्हा 'ही तुझी आई' म्हणून फोटो मीच दाखवला. कुणी म्हणू नये की सावत्र आईनं पहिलीला पुसलं. आणि आता हे! खरवडा, शिगे-सान. विरलं तर विरलं. मी म्हणेन माझ्या हातून शाई सांडली."

हे सगळं ती बोलत होती आणि तिचं बोट मात्र त्या मधल्या आंबुशीभोवती फिरत होतं, न टेकता. मी बघितलं ते. तिला पोटचं मूल नव्हतं. तिच्या आईची, आजीची, पणजीची ती आंबुशी तिच्यापाशी येऊन थांबली होती.

"मनातून हवंय ना तुम्हाला हे?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही.

"मला काय हवं असणार," ती म्हणाली आणि उठली.

मला असा संताप आला म्हणून सांगू! तिचा, माझा, त्या टोपलीतल्या चिठ्ठीचा. "खरवडायचं की नाही ते नंतर," मी म्हटलं. "आधी मी इसो-सानना जाऊन सांगणार. चूक माझी, ती तुमच्या माथी मारून मी रात्री झोपू कशी?"

"नका हो! पाया पडते. त्यांचा विश्वास बसायचा नाही."

"न बसू दे. बोलणी तर मी खाईन." रेशमाची घडी करून मी कापडात बांधली आणि तिच्याबरोबरच निघाले. वाटेत दोघी एक अक्षर बोललो नाही.

इसो-सान मागच्या खोलीत बसल्या होत्या, बागेकडे तोंड करून. मी गुडघे टेकून सगळं सांगितलं. चिठ्ठी अर्धीच वाचली, हातानं सवयीनं आईचं चिन्ह काढलं, माफी असावी. रेशीम त्यांच्यापुढे पसरलं. मित्सुए दाराशी खाली मान घालून बसली होती.

म्हातारीनं भिंग लावून पाचही चिन्हं एकेक करून बघितली. मग भिंग ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "शिगे, उशीर झालाय. गरम चहा ओतून चार घास भात खाऊन जा ना."

क्योतोत वाढलेल्या पोरालाही कळतं की हा भात कुणी आणत नसतं. याचा अर्थ, ऊठ आता, चालू लाग. पण मी जागची हलले नाही.

"खाईन की," मी म्हटलं. "आणू देत."

इसो-सानच्या भुवया वर गेल्या. माझ्या तोंडून असं कुणी कधी ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या, आवाजातली साखर गेली. "मग सरळच विचारते. मित्सुएनं सांगितलं तुला हे काढायला?"

"चाळीस वर्षं कुंचला धरलाय मी, इसो-सान. माझा हात कुणी विकत घेतलेला नाही. तुमच्या सुनेनं सांगितलं असतं तर मी तिलाच झाडलं असतं."

"मग एवढी पिकलेली कारागीर असून चुकलीस कशी? चिठ्ठी समोर असताना?"

"चिठ्ठी पुरती बघितलीच नाही. त्या दोघींना बघत होते ना इतकी वर्षं!" माझा आवाज चढला. "तुम्ही बसा आमच्या दुकानात एक दिवस आणि बघा त्या आल्या की. ही हिच्या पोटची नाही असं तुमच्याही ध्यानात राहायचं नाही. मला वाईट वाटतंय ते कामाचं. बाकी कसलं नाही."

तेवढ्यात तामाकी आत आली. दाराबाहेर उभी राहून ऐकत असणार. त्या घरातल्या भिंती कागदाच्याच. ती येऊन रेशमापुढे बसली आणि चिन्हं बघून म्हणाली, "हे खरवडायचं नाही."

"तामाकी," मित्सुए म्हणाली.

"नाही म्हणजे नाही. आजी, भिंतवेल कुणाची? एका फोटोची. लहानपणापासून मी त्या फोटोला नमस्कार करतेय, आणि मला तिचा आवाजसुद्धा माहीत नाही. माझ्या अंगावर कांजिण्या उठल्या तेव्हा फोटो जागला का? मला ती वेल नकोच. दोन्हींवर आंबुशी काढा, शिगे-सान."

"गप्प बस!"

मी दचकले. इसो-सान दचकल्या. मित्सुए ओरडली होती. ती गुडघ्यांवर ताठ झाली होती.

"फोटो म्हणतेस? तिनं तुला जन्म दिला. खोकून खोकून रक्त पडत होतं तरी तुझ्यासाठी हिवाळ्याचा कोट शिवत होती, एक बाही राहिली. ती बाही मी शिवलीय. मला ठाऊक आहे तिचे टाके कसे होते. तिला पुसून मला तिथं बसवणार असशील तर मी नाही बसणार तिथं. अशी आई मला व्हायचं नाही."

तामाकीचे डोळे भरून आले आणि ती रेशमापासून बाजूला सरकली, थेंब पडू नये म्हणून. कागदवाल्यांची पोर, कुठल्याही दुःखात माल भिजू देणार नाही.

बाहेर कुणीतरी बागेत पाचोळा झाडत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"एकोणीस वर्षं," इसो-सान अखेरीस म्हणाल्या, "हा आवाज मी ऐकला नव्हता या घरात. होता म्हणायचा." त्या मित्सुएकडे वळल्या. "नाओला काय हवं असेल ते तू सांगितलंस. पोरीला काय हवंय ते तिनं सांगितलं. मला काय हवं ते चिठ्ठीत लिहिलेलंच आहे. आता तू बोल. आणि 'सासूबाई म्हणतील ते' असं म्हणालीस तर बघ, उठून जाईन मी."

बोल बाई, मी मनात म्हणत होते, एकदा तरी बोल.

"शुभकार्याच्या किमोनोवर भिंतवेलच असू दे," मित्सुए म्हणाली, पुन्हा त्या तिच्या हळू आवाजात, आणि आम्ही तिघी पुढे झुकलो. "तामाकीच्या मुलांची लग्नं होतील, घरात आनंद होईल, तेव्हा तिच्या पाठीवर नाओ-सान असू दे. त्यांना त्यातलं काहीच बघायला मिळालं नाही. आनंद सगळा त्यांचा. मला त्यातलं काही नको." ती थांबली. हात मांडीवर घट्ट धरलेले. "पण हा दुखवट्याचा... मी जाईन त्या दिवशी, सासूबाई, त्या एका दिवशी हिनं माझी मुलगी म्हणून उभं राहावं. माझी आंबुशी पाठीवर घेऊन. लोकांनी बघावं की ही बाई निपुत्रिक नव्हती. एवढं हवंय मला. हवंय."

तामाकी तिच्या मांडीवर कोसळली ती लहान मुलासारखी. मित्सुएनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तोंड बागेकडे वळवलं.

माझंही नाक वाहायला लागलं होतं. मी इसो-सानकडे बघायचं टाळत होते. म्हातारीनं भिंग पुन्हा उचललं, मानेखालचं चिन्ह पुन्हा बघितलं, इतका वेळ, की मला वाटलं चूक काढतेय.

"एका दिवशी म्हणे," त्या शेवटी करवादल्या. "मूर्ख आहेस. हिशोब कळतो का तुला? तुझ्या आधी मी जाणार. म्हणजे पहिल्यांदा माझ्याच मागून ही पोर तुझं तण पाठीवर घेऊन चालणार. माझ्या शवपेटीमागून! आंबुशी!" त्यांनी रेशीम माझ्याकडे लोटलं. "बघत काय बसलीस, शिगे? घडी घाल नीट. आणि त्या दुसऱ्यावर वेल काढताना चिठ्ठी शेवटपर्यंत वाच. भात आणा गं हिला कुणीतरी, मागितलाय तिनं."

आणि खरंच भात आला. क्योतोत तो भात खरोखर खाल्लेली मी पहिलीच असेन. वर मुळ्याचं लोणचंही होतं.

घरी येऊन दुसऱ्या दिवसापासून नक्षीवाल्या रेशमावर बसले. भिंतवेलीचं पान तीन टोकांचं, शिरा मुळापासून फाकत गेलेल्या. बाबांनी नाओसाठी कापलेला जुना छाप कपाटात सापडला, कडा पिवळ्या पडलेल्या. तोच वापरला. या वेळी चिठ्ठी समोर भिंतीला चिकटवून ठेवली होती आणि आमचे हे येता-जाता ती मोठ्यानं वाचून दाखवत होते, "दोन्हींवर भिंतवेल, दोन्हींवर," आणि हसत होते. मी काही बोलले नाही. त्यांची एक संधी होती, घेऊ दिली.

रुखवत बघायच्या दिवशी मलाही बोलावणं होतं. पुढच्या दालनात सगळं मांडलेलं. किरी झाडाच्या हलक्या लाकडाच्या पेट्या, आरसा, गाद्या, शिवणाची पेटी, आणि उंच दांडीवर हात पसरल्यासारखे टांगलेले दोन काळे किमोनो. इसो-सानच्या दोन्ही बहिणी आल्या, धाकट्या म्हणजे अठ्ठ्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर. शिवाय इसो-सानचे दीर, चुलत्या, शेजारणी. तामाकी कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून येईल त्याला वाकून नमस्कार करत होती. मित्सुए चहा, मिठाई, उशा करत खोलीभर फिरत होती. मी भिंतीला टेकून बसले होते.

मधल्या बहिणीनं आधी नक्षीचा किमोनो बघितला. "भिंतवेल. नाओची. बरं झालं हो, आठवण ठेवलीत," असं म्हणून डोळ्यांना रुमाल लावला. मग ती दुखवट्याच्या किमोनोकडे गेली. बाही उचलून खिडकीच्या उजेडात धरली. उलटी केली. पाठीकडे गेली.

"अगं बाई," ती म्हणाली, चांगली मोठ्यानं. "ताई, हे काय? इथं आंबुशी कशी? चिन्हं दोन?"

सगळ्यांच्या माना किमोनोकडे वळल्या, आणि तिथून मित्सुएकडे. आंबुशी कुणाची ते त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. मित्सुएच्या हातात रिकामं तबक होतं. ती जागच्या जागी गुडघे टेकून खाली बसली, तबक बाजूला ठेवलं, दोन्ही हात जमिनीवर टेकले. माफी मागायला निघाली होती ती. मी उठायच्या बेतात होते, सांगायला, की चूक माझी, कारागीर मी.

"त्यात काय विचारायचंय?" इसो-सान जागेवरून म्हणाल्या. त्या मिठाई खात होत्या. तोंडातला घास संपवला, मगच पुढे बोलल्या. "पोरीला आया दोन आहेत. मग चिन्हंही दोनच असणार."

मधल्या बहिणीनं बाही सोडली. "हो, ते आहेच म्हणा," ती म्हणाली आणि गाद्यांकडे वळली.

मित्सुए तशीच वाकलेली होती. कपाळ चटईला टेकलेलं, खांदे हलत होते. मग ती उठली, कुणाकडे न बघता म्हणाली, "चहा आणते," आणि आत गेली. आम्ही गाद्या बघितल्या, आरसा बघितला, पेट्यांचे कप्पे उघडून बंद केले. चहा काही आला नाही. थोड्या वेळानं तामाकी कोपऱ्यातून उठली आणि आईला बघायला आत गेली, आणि मग तर दोघींपैकी कुणीच बाहेर येईना. इसो-सान एकदा दाराकडे बघायच्या आणि पुन्हा मिठाई उचलायच्या. शेवटी आम्ही सगळे त्या दिवशी बिनचहाचेच घरी गेलो.